पडतो एक, बघतो दुसरा: लॉरेल-हार्डीच्या वीस मिनिटांत नेमकं काय घडतं?

दोन माणसं गाडीतून मासे विकत फिरताहेत. जाड्या गाडी हाकता हाकता गाण्याच्या सुरात मासळीचा पुकारा करतोय, बारक्या शेजारी बसून भोंगा वाजवतोय. धंदा बरा चाललाय. तेवढ्यात बारक्याच्या डोक्यात येतं की मासे विकत घेऊन विकण्यापेक्षा आपणच पकडले तर? मधला माणूस गेला, सगळा नफा आपला.

हर्णैच्या किंवा मिरकरवाड्याच्या बंदरावर कुणी हे बोललं तर आसपासचे तांडेल एकमेकांकडे बघून कसे हसतील ते सांगायला नको. डिझेल, बर्फ, जाळी, खलाश्यांचा हिशेब, आणि एवढं करून मासळी लागेलच असं नाही. जाड्याला मात्र कल्पना आवडते. तो म्हणतो, पुन्हा सांग बघू. दुसऱ्यांदा सांगताना बारक्याची अशी तारांबळ उडते की मासा, गिऱ्हाईक आणि नफा यांच्या जागा बदलतात आणि शेवटी नफा माशाच्या खिशात जातो की काय असं वाटू लागतं. जाड्या लक्षपूर्वक ऐकतो आणि आपल्याला सगळं नीट कळल्याचं जाहीर करतो. मग दोघे भंगारवाल्याकडून एक जुनी होडी घेतात.

१९३२ च्या अगदी शेवटी आलेला हा लॉरेल-हार्डीचा 'टोड इन अ होल'. लांबी वीसेक मिनिटं. आपल्याकडे या जोडीला जाड्या-रड्या म्हणतात (जाड्या म्हणजे हार्डी, रड्या म्हणजे वरचा बारक्या, लॉरेल), आणि हे नाव ठाऊक नसलेल्या पोरालाही त्यांची चित्रं दाखवली की ते हसतं. आजोबाही हसतात. चित्रपट काळापांढरा, भाषा इंग्रजी, वय नव्वदीच्या पुढे. तरी हसू येतं ते का, असं विचारलं की लोक 'निखळ विनोद आहे हो' एवढं म्हणून मोकळे होतात. पण ही हाणामारीची, आपटाआपटीची करमणूक दिसते तितकी सरळ नाही. तिच्यात चांगलीच कारागिरी आहे.

सुरुवात पडण्यापासून करू. माणूस पडला म्हणून हसू येतं हा समज चुकीचा आहे. जुलैत शेवाळ धरलेल्या पायरीवरून शेजारचे काका घसरले तर आपण 'अरे अरे' करत धावतो. हसू फुटतं ते नंतर. काका उठून उभे राहतात, लुंगी झटकतात आणि आपल्याला कोणी बघितलं का म्हणून हळूच इकडेतिकडे नजर टाकतात, तेव्हा. म्हणजे आधी दोन गोष्टी पक्क्या व्हाव्या लागल्या: काकांना लागलेलं नाही, आणि काकांना लाज वाटते आहे. हसायचं तर काळीज घटकाभर बधिर व्हावं लागतं, अशा अर्थाचं बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९०० साली लिहून ठेवलं. लॉरेल-हार्डी ही बधिरता आधी तयार करतात. त्यांच्या जगात डोक्यावर वीट पडली तर टेंगूळ येतं, रक्त येत नाही. पुढच्या दृश्यात टेंगूळही नसतं. एकदा हे प्रेक्षकाच्या लक्षात आलं की तो निर्धास्त होतो, आणि मग वीट कधी पडते याची वाट बघू लागतो.

वाट बघणं हाच खरा खेळ आहे. त्याच होडीतलं एक दृश्य घ्या. बारक्याने इतका घोळ घातलाय की जाड्याने त्याला होडीच्या खोलीत कोंडून टाकलंय आणि स्वतः वर चढून डोलकाठी रंगवतोय. डोलकाठीचा खालचा भाग त्या खोलीतून जातो. बारक्या तिथे रेंगाळता रेंगाळता आपलं डोकं डोलकाठी आणि भिंत यांच्या फटीत अडकवून घेतो. ओढून बघतो, निघत नाही. मग त्याच्या हाताला करवत लागते.

आता थांबून विचार करा, या क्षणी कोणाला काय ठाऊक आहे. आपल्याला सगळं ठाऊक आहे. जाड्याला काहीच नाही, तो समाधानाने कुंचला फिरवतोय. बारक्याला वर जाड्या आहे हे माहीत आहे, डोलकाठी कापली तर ती पडते हेही माहीत असणार, पण ही दोन माहित्या त्याच्या डोक्यात एकमेकींना भेटत नाहीत. करवत चालू होते. डोलकाठी लगेच पडली असती तर आपण दचकलो असतो, फार तर एकदा हसलो असतो. ती लगेच पडत नाही. खाली करवत, वर कुंचला, खाली करवत, वर कुंचला. हसू याच मधल्या वेळात पिकतं. जाड्या डोलकाठीसकट चिखलात आदळतो तोवर आपलं निम्मं हसून झालेलं असतं.

दुसरी करामत पडल्यानंतरची. साधा विनोदी नट पडला की उठतो आणि पुढच्या कामाला लागतो. हार्डी चिखलात बसून राहतो आणि सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे तुमच्याकडे, बघतो. त्या नजरेत राग कमी, गाऱ्हाणं जास्त: पाहिलंत ना, मला कोणाबरोबर दिवस काढावे लागतात ते? त्या एका नजरेने तो आपल्याला साक्षीदार करून टाकतो.

या नजरांची लांबी उगाच ठरलेली नव्हती. या जोडीचे चित्रपट काढणाऱ्या हॅल रोच यांच्या स्टुडिओत चित्रपट तयार झाला की तो आधी आसपासच्या एखाद्या थिएटरात नेऊन खऱ्या प्रेक्षकांना दाखवायचे. कुठे हशा येतो, किती वेळ टिकतो हे पाहून पुन्हा काटछाट व्हायची. हशा लांबला तर पुढचं वाक्य त्यात बुडू नये म्हणून हार्डीचा चेहरा तेवढा वेळ पडद्यावर ठेवायचा. पडद्यावर बारक्या हा लॉरेल, पण पडद्यामागे विनोद रचण्यात आणि कापाकापीच्या टेबलावर त्याचाच शब्द मोठा असायचा. पगारही हार्डीपेक्षा जास्त. हार्डी काम संपलं की गोल्फ खेळायला मोकळा.

त्यामुळे आज एकट्याने मोबाईलवर बघताना हे चित्रपट जरा संथ वाटतात. त्या रिकाम्या जागा हशासाठी राखून ठेवल्या आहेत, आणि तुमच्या खोलीत हसायला कोणी नाही. दीडपट वेगाने बघणाऱ्यांचं मला नवल वाटतं. ते नेमकी गाळण्यासारखी नसलेली गोष्टच गाळतात.

आता जोडी का, हा प्रश्न. चॅप्लिन एकटा होता, मूकपटांतला बस्टर कीटन एकटा होता, त्यांचं काय अडलं? अडलं काहीच नाही, पण एकट्याला भांडायला जग लागतं: पोलीस, वादळ, गिरणीची यंत्रं. जोडीला एक पलंग आणि एक उशी पुरते. शिवाय या जोडीची एक खुबी आहे जी बहुतेक नकला करणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. विनोदी जोड्यांत साधारणपणे एक शहाणा आणि एक बावळट असतो. शहाणा प्रश्न विचारतो, बावळट उत्तर देतो, टाळी पडते. लॉरेल-हार्डीत शहाणा कोणीच नाही. दोघेही बावळट. फरक इतकाच की एकाची पक्की समजूत आहे की दोघांत हुशार आपण. म्हणून तो दर वेळी बारक्याला बाजूला सारून 'थांब, मी आधी' म्हणतो, आणि म्हणून खड्ड्यात आधी तोच जातो. लॉरेलला प्रतिष्ठाच नाही, त्यामुळे त्याची कधी जातही नाही. हार्डीजवळ ती भरपूर आहे: टायच्या टोकाशी चाळा करत लाजणं, करंगळी वर करून सही करणं, बायकांसमोर अदबीने झुकणं. फुगा मोठा असला की टाचणीलाही मजा येते.

मराठी वाचकाला इथे चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ आठवल्याशिवाय राहणार नाहीत, आणि दूरदर्शनमुळे दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे चेहरेही. तिथे अंगकाठीची वाटणी वेगळी, चिमणराव बारीक आणि गुंड्याभाऊ दणकट. पण दोघांचं मिळून एक धड डोकं होत नाही, हे अगदी तसंच.

या दोघांचं जुळलं तेही योगायोगाने. लॉरेल इंग्लंडच्या उत्तरेतला, अल्व्हर्स्टन गावी १८९० साली जन्मलेला, बाप नाटक कंपन्या चालवणारा. फ्रेड कार्नोच्या तमासगीर मंडळीबरोबर तो १९१० साली अमेरिकेला गेला तेव्हा त्याच मंडळीत चॅप्लिन होता, आणि चॅप्लिन आजारी पडला तर त्याची भूमिका करायला लॉरेल तयार असायचा. हार्डी अमेरिकेच्या दक्षिणेतला, जॉर्जिया राज्यातला, १८९२ चा. तो गावात सिनेमाचं थिएटर सांभाळता सांभाळता स्वतःच पडद्यावर गेला. १९२७ पर्यंत दोघे एकाच स्टुडिओत आपापली कामं करत होते. लिओ मॅकॅरी या दिग्दर्शकाच्या नजरेने या दोन अंगकाठ्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या की काय होतं ते टिपलं, आणि पुढची सगळी वर्षं ते शेजारी शेजारीच उभे राहिले.

मॅकॅरीच्या काळातच त्यांनी विनोदाचा वेग उलटा फिरवला. त्याआधीचे मूकपट म्हणजे नुसती पळापळ. यांनी कासवाची चाल धरली. १९२९ चा 'बिग बिझनेस' हा मूकपट याचा नमुना आहे. दोघे दारोदार नाताळची झाडं विकताहेत. एका घरमालकाला झाड नको आहे. दार लावताना झाडाची फांदी दारात अडकते, बेल पुन्हा वाजते, अशी कुरबुर सुरू होते. मालक कात्री आणून झाड कापतो. हे त्याच्या दाराचं काहीतरी उचकटतात. मालक यांचं घड्याळ फोडतो. हे त्याचा टेलिफोन तोडतात. असं करत करत शेवटी मालकाच्या घराचा आणि यांच्या गाडीचा पार चुराडा होतो.

गंमत वस्तू फुटण्यात नाही, पाळी पाळण्यात आहे. एक जण तोडत असताना दुसरा अडवत नाही. तो हात बांधून बघत उभा राहतो, झालेलं नुकसान नीट तपासतो, आणि मग सावकाश आपली पाळी घेतो. आपल्याकडे बांधावरच्या एका माडासाठी भाऊबंद दिवाणी कोर्टात असंच वागतात, फक्त दोन पाळ्यांमध्ये पुढची तारीख असते. तिथेही कोणी घाई करत नाही, आणि शेवटी माड वठून गेलेला असतो.

ही शिस्त विसरून नुसते केक फेकले तर काय होतं ते शाळेच्या गॅदरिंगमध्ये दिसतंच. 'द बॅटल ऑफ द सेंच्युरी' या १९२७ च्या मूकपटात त्यांनी क्रीम भरलेल्या पायची लढाई केली, सबंध रस्ता त्यात ओढला गेला, पण प्रत्येक नवा माणूस त्यात पडायला काहीतरी कारण होतं. त्याचं दुसरं रीळ कित्येक दशकं हरवलेलं होतं. ते २०१५ साली सापडलं तेव्हा सिनेमावेडे लोक गुप्तधन मिळाल्यासारखे नाचले होते.

कोकणी माणसाला हा खेळ परका वाटायचं कारण नाही. शिमग्यात रत्नागिरी-गुहागरकडे खेळे निघतात, त्यातला काळ्या कपड्यांतला, उंच निमुळत्या टोपीचा संकासुर अंगणात आला की मोठी माणसं हसतात आणि लहान पोरं पडवीत पळतात. तो काही विनोद सांगत नाही. चालतो, थबकतो, अचानक वळतो. 'नमन' या लोकनाट्यातल्या गवळणीत पेंद्या आणि मावशी यांची जुगलबंदी रंगते तेव्हाही शब्दांपेक्षा थांबण्याला जास्त महत्त्व असतं, मावशी पदर सावरत प्रेक्षकांकडे किती वेळ बघते याला. खाली सिंधुदुर्गात दशावतारात तर लिखित संहिताच नसते. कथानक ठरलेलं, बोलणं रंगमंचावर आयत्या वेळी. गावोगावच्या जत्रांत रात्रभर हे करणारा नट प्रेक्षकांचा हशा ऐकून पुढचं वाक्य अडवून धरतो किंवा सोडतो. हॅल रोचच्या स्टुडिओला जे कापाकापी करून साधावं लागलं, ते त्याला समोर बसलेली माणसं शिकवतात. पखवाजवालाही त्यात सामील असतो. पाय घसरला की थाप पडते, आणि थाप नेमकी पडली तरच घसरणं विनोदी होतं.

भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे दोन प्रकार सांगितले आहेत: स्वतः हसणं ते आत्मस्थ, दुसऱ्याला हसवणं ते परस्थ. पुढे स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा पायऱ्या, आणि हास्याच्या कारणांत विचित्र वेष व असंबद्ध बोलणं हेही येतं. लॉरेलचं डोकं खाजवत उभे केस आणखी उभे करणं, टाच काढलेल्या बुटांमुळे आलेली ती सपाट चाल, हार्डीची छोटी हॅट हे सगळं त्या यादीत चपखल बसतं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ही दोघं स्वतः क्वचितच हसतात. त्यांच्या दृष्टीने जे चाललंय ते फार गंभीर आहे. आपल्या हल्लीच्या टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत नटच आधी हसतो, मग पाहुणे हसतात, मग कॅमेरा पाहुण्यांवर जातो. प्रेक्षकाच्या वाट्याला उष्टं हसू येतं.

आता त्यांचा सर्वांत गाजलेला लघुपट. 'द म्युझिक बॉक्स', १९३२. लघु विनोदी चित्रपटासाठी ऑस्कर द्यायला त्याच वर्षी सुरुवात झाली आणि पहिलं ऑस्कर याला मिळालं. कथा एका ओळीची: दोघांना एक पियानो एका घरी पोचवायचा आहे, आणि घर लांबलचक जिन्याच्या वर आहे. हा जिना लॉस एंजेलिसच्या सिल्व्हर लेक भागात आजही आहे, १३३ पायऱ्यांचा.

पाखाडीच्या गावात वाढलेल्या माणसाला पुढचं समजावून सांगावं लागत नाही. गाडीरस्ता खाली, घर वर, मध्ये जांभ्याच्या पायऱ्या. फ्रिज असो, लोखंडी कपाट असो, चौरंगावरचा गणपती असो, शेवटचा टप्पा माणसांच्या हातावर. कपाट चढवताना वरचा उलटा चालतो, त्याला पायरी दिसत नाही. खालच्याला कपाटाच्या पत्र्याखेरीज काही दिसत नाही. दोघेही आंधळे, आणि सूचना दोघेही देतात. 'दादा, जरा तुझ्याकडे घे!' 'माझ्याकडे म्हणजे कुठे रे?' 'अरे सोडू नको, बोटं आहेत माझी!' वाटेत खाली उतरणारी एखादी काकू पाटी घेऊन उभी राहते, तिला जागा द्यायची तर कपाट टेकवायला हवं, आणि टेकवायला सपाट जागा नाही.

चित्रपटात हेच आहे. काकूच्या जागी बाबागाडी घेतलेली आया, मग पोलीस, मग एक तापट प्राध्यापक, ज्याची हॅट जिन्यावरून घरंगळत जाऊन रस्त्यावर ट्रकखाली सापडते. प्रत्येक अडथळ्यानंतर पियानो सुटतो आणि खोक्याच्या आत झणझणत, तारा वाजवत थेट तळाशी जातो. त्या आवाजाला तोड नाही. बोलपट नुकते आले होते आणि बहुतेक मंडळी पडद्यावर बडबड करण्यात दंग होती. यांनी आवाज वापरला तो पडद्याबाहेर काय फुटतंय ते ऐकवायला. हार्डी दारातून आत जातो, आतून भांडी, काच, लाकूड कोसळल्याचे आवाज येत राहतात, आणि कॅमेरा बाहेर उभ्या लॉरेलच्या चेहऱ्यावर. आपण मनातल्या मनात जे फोडतो त्याची बरोबरी कुठल्याच सेटला करता आली नसती.

शेवटी पियानो वर पोचतो. तिथे एक पोस्टमन सहज सांगतो की मागच्या बाजूने घरापर्यंत गाडीरस्ता आहे. कोणीही दुसरा असता तर कपाळावर हात मारून पियानो घरात ढकलला असता. हे दोघे तो सगळ्या पायऱ्यांवरून पुन्हा खाली नेतात, गाडीवर चढवतात आणि मागच्या रस्त्याने वर आणतात. या जोडीचं सबंध तत्त्वज्ञान मला या एका जागी दिसतं. ते आळशी नाहीत, वाईट नाहीत, सूचना तंतोतंत पाळतात. फक्त विचार आणि कृती यांच्यात जो क्षणभराचा थांबा आपल्याकडे असतो, तो त्यांच्याकडे नाही. आणि आपल्याकडेही तो दर वेळी असतोच असं नाही, हे आपल्याला आतून माहीत असतं.

होडीच्या चित्रपटातही असंच आहे. गळती शोधायला होडी पाण्याने भरायची ही हार्डीची युक्ती ऐकून आपण हसतो, पण ती अगदीच वेडगळ नाही. पावसाळ्यात शाकारून ठेवलेली लाकडी होडी वाळली की फळ्यांचे सांधे उघडतात, आणि पाण्यात टाकण्याआधी लाकूड भिजवून फुगवून घ्यावं लागतं, हे किनाऱ्यावरचा कोणीही म्हातारा सांगेल. यांच्या सगळ्या कल्पना अशाच अर्ध्या बरोबर असतात. शेवटी होडी समुद्राकडे न्यायची तर गाडीला ती ओढवत नाही, मग वाऱ्याची मदत घ्यावी म्हणून शीड उभारतात. तर्क बरोबर! वारा शिडात भरतो आणि होडी गाडीवर जाऊन आदळते.

हे सगळं वीस मिनिटांतच का जमतं? एक रीळ साधारण हजार फुटांचं, बोलपटाच्या वेगाने दहा-अकरा मिनिटं चालणारं. दोन रिळांत एक जागा, एक काम, एक वस्तू आणि तिचा सत्यानाश एवढंच मावतं. तास-सव्वा तासाच्या चित्रपटात कथानक लागतं, मग प्रेमिकांची एक जोडी येते, ती गाणी म्हणते, आणि आपण जाड्या-रड्या परत कधी येतात म्हणून घड्याळ बघतो. 'सन्स ऑफ द डेझर्ट' (१९३३) हा सन्माननीय अपवाद. पण अमेरिकेतल्या थिएटरांत एका तिकिटात दोन मोठे चित्रपट दाखवायची पद्धत रुजली तशी लघुपटांची जागा गेली, आणि १९३५ नंतर या जोडीने स्वतःचे लघुपट करणं थांबवलं.

त्यांचे बोलपट परदेशात न्यायचे तर भाषेची अडचण होती. त्यावरचा तोडगा त्यांच्याच चित्रपटात शोभावा असा: काही चित्रपट त्यांनी स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन, इटालियनमध्ये वेगळे चित्रित केले, त्या भाषा येत नसताना, उच्चार फळ्यावर लिहून घेऊन, ते वाचत वाचत.

बघायला सुरुवात करायची असेल तर आधी 'बिग बिझनेस', मग होडीचा, मग पियानोचा. शक्यतो मोठ्या पडद्यावर, घरात चार माणसं असताना. १९४१ ते ४५ या काळात त्यांनी मोठ्या स्टुडिओंसाठी जे चित्रपट केले ते सोडून दिलेत तरी चालेल. तिथे विनोद ठरवण्याचा अधिकार लॉरेलच्या हातात उरला नव्हता, आणि ते पडद्यावर दिसतं: दोघे पडतात, पण वाट कोणी बघायला लावत नाही.